उपयोगी बॅक्टेरिया प्राण्याच्या शरीरात बस्तान बसवतात ते नक्की कसं?

खारंपाणी (धागाकर्ती)

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. 'चांगले बॅक्टेरिया' हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, पण बोलणं बहुतेक वेळा 'काय गिळलं म्हणजे ते पोटात जातील' इथेच संपतं, जणू शरीर म्हणजे रिकामं पोतं आहे आणि वरून ओतलं की आत साठत जातं. पोटात जाणं वेगळं आणि तिथे बस्तान बसवणं वेगळं. माझं शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं, आणि त्या सगळ्या अभ्यासात मला ओढ लागली ती याच एका प्रश्नाची: बाहेर इतक्या असंख्य जाती असताना नेमका हवा तोच बॅक्टेरिया आत येतो कसा, आणि आल्यावर त्याला हाकलून का दिलं जात नाही?

माणसाच्या आतड्यात हे बघणं फार अवघड, कारण तिथे शेकडो जाती एकत्र नांदतात, कुणामुळे काय झालं ते वेगळं काढताना जीव जातो. म्हणून एक असा प्राणी घेऊ ज्याच्या एका अवयवात फक्त एकच जात राहते. हवाई बेटांच्या किनाऱ्याला उथळ पाण्यात सापडणारं बॉबटेल स्क्विड, शास्त्रीय नाव युप्रिम्ना स्कोलोप्स, मोठं झालं तरी अंगठ्याएवढं. दिवसा वाळूत स्वतःला पुरून घेतं, रात्री शिकारीला निघतं. वर चांदणं असेल तर खालून बघणाऱ्या माशाला त्याची काळी आकृती लगेच दिसणार, म्हणून त्याच्या पोटाच्या बाजूला उजेड देणारा एक अवयव असतो, तो वरून जेवढा उजेड येतोय साधारण तेवढाच खाली टाकतो आणि आकृती पाण्यात विरून जाते. हा उजेड स्क्विडचा स्वतःचा नाहीच. तो त्या अवयवात राहणाऱ्या व्हिब्रिओ फिशेरी नावाच्या बॅक्टेरियाचा. मार्गारेट मॅकफॉल-एनगाई आणि नेड रुबी या दोघांनी कित्येक वर्षं या जोडीवर काम केलंय आणि आज आपल्याला जे बारीकसारीक माहीत आहे त्यातलं खूप काही त्यांच्या आणि त्यांच्याकडे शिकलेल्यांच्या प्रयोगांतून आलंय.

अंड्यातून पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्या अवयवात एकही बॅक्टेरिया नसतो. आईकडून काही मिळालेलं नसतं, पाण्यातूनच मिळवायचं. आणि पाण्यात व्हिब्रिओ फिशेरी किती? एकूण बॅक्टेरियांमध्ये हजारात एखादाही नाही. तरी काही तासांत काम फत्ते होतं.

ते असं होतं. अवयवाच्या दोन्ही बाजूंना केसाळ बोटांसारखे दोन-दोन फुगवटे असतात, त्यांच्यावरचे सूक्ष्म तंतू हलत राहतात आणि पाणी आत शिरायच्या छिद्रांकडे ओढत राहतात. पाण्यातल्या कुठल्याही बॅक्टेरियाच्या भिंतीचे तुकडे तिथे लागले की पिल्लू चिकट स्राव सोडायला लागतं. इथपर्यंत निवड फार कडक नाही, बऱ्याच जातींचे बॅक्टेरिया त्या चिकट्यात अडकतात. पण दोन-तीन तास गेले की त्या पुंजक्यात बाकीचे मागे पडतात आणि व्हिब्रिओ फिशेरीच वरचढ होतो. मग कायटिनपासून (खेकड्या-किड्यांच्या कवचात असतो तो पदार्थ) सुटलेली एक साखर त्याला वासासारखी वाट दाखवते, तिच्या मागावर तो पुंजक्यातून सुटून छिद्राकडे पोहत निघतो. छिद्रं एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. त्यातून आत गेलं की नळी, नळीत तंतू बाहेरच्या दिशेने पाणी हाकतायत म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहायचं, शिवाय वाटेत नायट्रिक ऑक्साइड आहे जे बहुतेक बॅक्टेरियांना घातक. पुढे एक इतकी अरुंद जागा येते की शेवटच्या कप्प्यात कित्येकदा एखाद-दुसरीच पेशी पोचते आणि तिच्यापासूनच तिथली सगळी वस्ती वाढते.

आत पोचल्यावर स्क्विड त्यांना अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) पुरवतं, ते झपाट्याने वाढतात, पोहायच्या शेपट्या टाकून देतात, आकाराने लहान होतात, आणि चमकायला लागतात.

आणि मला ज्या गोष्टीने अक्षरशः रात्रभर जागं ठेवलं होतं ती ही: बॅक्टेरिया आत बसल्यावर त्या केसाळ बोटांच्या पेशी मरायला लागतात आणि चार-पाच दिवसांत ती बोटं नाहीशी होतात. दार बंद. साधारण पहिल्या बारा तासांत बॅक्टेरियाकडून निरोप पोचला की मग पुढे अँटिबायोटिक देऊन बॅक्टेरिया मारून टाकले तरी हे थांबत नाही. हा निरोप म्हणजे काय ते २००४ साली कळलं, बॅक्टेरियाच्या भिंतीचा एक छोटा तुकडा. हाच तुकडा डांग्या खोकल्याचा जंतूही सोडतो आणि त्याने आपल्या श्वासनळीतल्या तंतूवाल्या पेशी मरतात! एकच रेणू, एकीकडे त्याला विष म्हणतात, दुसरीकडे तो पिल्लाच्या वाढीचा नेहमीचा भाग आहे.

तुम्हाला अशा अजून कुठल्या जोड्या माहीत असतील तर लिहा, प्रश्नही विचारा, मी जमेल तसं उत्तर देईन.

चांदणवेल

काय सुंदर लिहिलंय. डांग्या खोकल्याचं वाचून दोनदा मागे जाऊन खात्री केली. वाचनखूण साठवली.

साधाप्रश्न

एक शंका. चमकणं म्हणजे बॅक्टेरियाला खर्च आहे ना, ऊर्जा लागते. मग एखादा असा निघाला की जो आत शिरतो, फुकट अमिनो आम्लं खातो आणि चमकतच नाही, तर तो चमकणाऱ्यांपेक्षा जोरात वाढायला हवा आणि थोड्या दिवसांत सगळी जागा त्याचीच व्हायला हवी. तसं का होत नाही?

खारंपाणी

साधाप्रश्न, नाव साधं असलं तरी प्रश्न मुळावर बोट ठेवणारा आहे :)

हा प्रयोग करून बघितलाय. उजेडाची जनुकं काढून टाकलेले बॅक्टेरिया पिल्लांना दिले. ते आत शिरतात, सुरुवातीला वाढतातही, पण एक-दोन दिवसांतच त्यांची संख्या चमकणाऱ्यांच्या तुलनेत घसरते, टिकून राहत नाहीत. म्हणजे स्क्विडला कुठेतरी कळतंय की इथे उजेड नाही. प्रकाश-अवयवात डोळ्यासारख्याच उजेड ओळखणाऱ्या प्रथिनांची यंत्रणा सापडलीय, त्यामुळे हे 'कळणं' अगदीच हवेतलं नाही.

दुसरं म्हणजे रोजची झाडलोट. पहाट झाली की स्क्विड त्या अवयवातले जवळजवळ ९५ टक्के बॅक्टेरिया बाहेर समुद्रात फेकून देतं. रोज! उरलेल्या ५ टक्क्यांपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा पूर्ण वस्ती तयार होते. यात स्क्विडचा फायदा असा की दिवसा वाळूत पडून असताना एवढ्या मोठ्या जमावाला पोसायला लागत नाही, आणि आसपासच्या पाण्यात बॅक्टेरिया पसरतात त्यामुळे त्या भागात जन्मणाऱ्या पुढच्या पिल्लांनाही ते मिळतात.

उजेडाबद्दल अजून एक. एकटादुकटा व्हिब्रिओ फिशेरी पाण्यात तरंगत असताना चमकत नाही. प्रत्येक पेशी एक छोटा रेणू बाहेर सोडत असते, गर्दी झाली की तो रेणू साठतो आणि ठरावीक पातळी ओलांडली की सगळे मिळून चमकायला लागतात. हे १९७० साली नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी याच बॅक्टेरियात दाखवलं, पुढे १९९४ मध्ये त्याला 'कोरम सेन्सिंग' हे नाव मिळालं. कोरम म्हणजे सभेला लागते ती गणसंख्या, अगदी नेमका शब्द आहे. आज रोगजंतूंच्या अभ्यासात हा शब्द सतत येतो, पण त्याचा जन्म या चमकणाऱ्या बॅक्टेरियात झालाय.

आणि बॅक्टेरिया नुसते राबतायत असंही नाही, स्क्विडच्या त्या अवयवातलं एक जैविक घड्याळाचं जनुक दिवस-रात्रीच्या तालावर कमी-जास्त होतं, ते बॅक्टेरियाच्या उजेडावर चालतं. २०१३ मध्ये हे दाखवलं गेलं. भाडेकरूच्या दिव्यावर घरातलं घड्याळ लागलंय.

अळीमिळी

खारंपाणीताई, धाग्यासाठी मनापासून आभार. माझी जोडी सांगतो, मी सूत्रकृमींवर काम केलंय काही वर्षं.

स्टायनरनेमा नावाचे मातीत राहणारे सूत्रकृमी असतात, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे. त्यांच्या आतड्याच्या सुरुवातीला एक चिमुकली पिशवी असते आणि त्यात झेनोऱ्हॅब्डस जातीचे बॅक्टेरिया असतात. पिल्लू-कृमी किड्याच्या अळीत शिरतो, तिथे बॅक्टेरिया सोडतो, दोन दिवसांच्या आत अळी मरते. मग त्या मेलेल्या अळीत बॅक्टेरिया मजबूत वाढतात, ते अशी रसायनंही सोडतात की दुसरे सूक्ष्मजीव तिथे फिरकू नयेत, आणि कृमी त्या बॅक्टेरियांवर आणि मऊ झालेल्या मांसावर जगतात, पिल्लं घालतात. खाणं संपत आलं की नव्या पिढीची पिल्लं पुन्हा बॅक्टेरिया पिशवीत भरून घेतात आणि बाहेर पडतात. शेतीत किडीवर जैविक उपाय म्हणून हे कृमी वापरतात ते यामुळेच.

धाग्याशी जुळणारा मुद्दा: त्या पिशवीतसुद्धा वस्ती सुरू होते ती एखाद-दोन पेशींपासून! नंतर वाढून ती पन्नास-शंभरच्या घरात जाते. म्हणजे समुद्रातलं स्क्विड आणि मातीतला कृमी, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण अरुंद दाराची युक्ती दोघांकडे आहे. आणि झेनोऱ्हॅब्डस नेमॅटोफिला या जातीत 'निल' नावाची तीन जनुकं आहेत, ती काढली की तो बॅक्टेरिया आपल्या कृमीत वस्ती करू शकत नाही, आणि तीच दुसऱ्या झेनोऱ्हॅब्डस जातीत घातली की तिला या कृमीत घर करता येतं. तीन जनुकांची किल्ली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटायचं की हजारो गोष्टी जुळाव्या लागत असतील.

मायक्रोस्कोपखाली ती पिशवी चमकत्या रंगाच्या बॅक्टेरियांनी भरलेली बघणं हा माझ्या आयुष्यातला एक फार आनंदाचा क्षण आहे, हे इथे लिहायची संधी मिळाली म्हणून लिहितो.

खारंपाणी

अळीमिळी, किती छान. किल्लीचंच पुढे नेते. स्क्विडच्या बाबतीत २००९ मध्ये असंच सापडलं. माशात राहणारा व्हिब्रिओ फिशेरीचा एक वाण स्क्विडच्या पिल्लात नीट वस्ती करू शकत नव्हता. त्याच्यात 'आर-एस-सी-एस' हे एकच नियंत्रक जनुक घातलं आणि तो करू लागला. ते जनुक पुंजका बांधायला लागणारा चिकट पदार्थ बनवायला लावतं, म्हणजे सगळा खेळ त्या पहिल्या दोन-तीन तासांतल्या पुंजक्यावर होता.

अरुंद दाराचा फायदा काय असेल यावर माझं मत: एका कप्प्यात एकाच पेशीची लेकरं असली की त्यांच्यात आपापसात भांडायला कारण कमी, आणि कामचुकार वाण असेल तर तो अख्ख्या कप्प्याचा उजेड घालवतो म्हणजे लपायला जागा राहत नाही. सगळे एकत्र मिसळलेले असते तर एखादा कामचुकार गर्दीत खपून गेला असता.

सरळरेषा

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे, पण 'सहजीवन', 'नांदतात' वगैरे शब्दांवर माझा आक्षेप आहे. हे एकमेकांना मदत करणं नाही, ही कैद आहे. माव्याचं उदाहरण बघा (पिकांवरचा मावा). तो झाडाचा रस पितो, त्या रसात साखर भरपूर पण लागणारी अमिनो आम्लं पुरेशी नाहीत, ती त्याला बुकनेरा नावाचा बॅक्टेरिया बनवून देतो. हा बुकनेरा माव्याच्या खास पेशींच्या आत कोंडलेला असतो, आईकडून थेट पोटातल्या गर्भात जातो, बाहेरचं जग त्याने कोट्यवधी वर्षांत पाहिलेलं नाही. २००० साली त्याचा जीनोम (सगळी जनुकीय माहिती) वाचला तेव्हा तो साधारण ६ लाख ४० हजार अक्षरांचा निघाला, आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा ४६ लाखांच्या आसपास असतो. इतकी जनुकं गळून गेलीत की तो बाहेर जगूच शकत नाही. याला नांदणं म्हणायचं?

मातीचंघर

सरळरेषा, मुद्दा पटतो पण सगळ्या जोड्या तशा नाहीत. माझं उदाहरण उलट टोकाचं. शेंगांचा रस शोषणारा एक ढेकण्या आहे, रिप्टॉर्टस पेडेस्ट्रिस. याची पिल्लं आईकडून काहीच घेत नाहीत, प्रत्येक पिढी नव्याने मातीतून बर्कहोल्डेरिया गटातला बॅक्टेरिया गिळते. आतड्यात पुढे एक इतका अरुंद बोळ आहे की अन्नसुद्धा पुढे जात नाही, तो चिकट पदार्थाने भरलेला, आणि त्यातून फक्त हाच बॅक्टेरिया स्क्रूसारखा फिरत फिरत पार होतो. बाकीचे अडकतात. तो पोचला की बोळ बंद होतो.

आता यात माणसाचं काय ते सांगतो. फेनिट्रोथिऑन नावाचं कीटकनाशक जिथे वारंवार मारलं जातं तिथल्या मातीत ते औषध पचवणारे बर्कहोल्डेरिया वाढतात. ढेकण्याने तसला बॅक्टेरिया उचलला की त्या किड्यावर औषध चालेनासं होतं. किड्याच्या स्वतःच्या जनुकांत काहीही बदल न होता, एका पिढीत! २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी हे मांडलं. पिकाला औषध का लागू पडत नाही म्हणून सगळे किड्याकडे बघतात, उत्तर मातीत होतं.

अवांतर: दुसऱ्या एका ढेकण्यांच्या गटात आई अंडी घालताना खाली बॅक्टेरिया भरलेल्या छोट्या तपकिरी गोळ्या चिकटवून ठेवते, पिल्लं अंड्यातून आली की आधी त्या गोळ्या चोखतात मग पुढचं. गोळ्या काढून घेतल्या तर पिल्लं अस्वस्थ होऊन इकडेतिकडे शोधत फिरतात. मला यापुढे काही सुचलं नाही वाचल्यावर.

दुधाचेदात

मी फक्त वाचणार होते पण आता विचारतेच. माझ्या मुलाला लहानपणी कानाच्या त्रासासाठी अँटिबायोटिकचे बरेच कोर्स झाले. त्यानंतर प्रोबायोटिकच्या कॅप्सूल द्या असं सगळे सांगायचे, मी दिल्या. आता हा धागा वाचून वाटतंय की त्या कॅप्सूलमधले बॅक्टेरिया मुळात आत राहिले तरी का? आणि माझ्याकडून काही चुकलं का?

खारंपाणी

दुधाचेदात, तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. अँटिबायोटिक लागलं म्हणून दिलं, कानाचा संसर्ग तसाच ठेवणं जास्त वाईट ठरू शकलं असतं. हे आधी.

आता आत राहण्याबद्दल. मोठ्या आतड्यात पेशींवर चिकट स्रावाचे दोन थर असतात, बाहेरचा सैल, त्यात बॅक्टेरिया राहतात, आणि आतला घट्ट, तो निरोगी आतड्यात जवळपास बॅक्टेरियामुक्त असतो. म्हणजे पाहुण्याला बसायला ओसरी आहे पण माजघरात मज्जाव. आणि ओसरीवर आधीपासून बसलेले लोक आहेत! जागा, खाणं, सगळं त्यांनी वाटून घेतलेलं. याचा चांगला पुरावा उंदरांत मिळाला, बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस ही जात असलेल्या उंदराला त्याच जातीचे नवे बॅक्टेरिया दिले तर ते रुजत नाहीत, दुसऱ्या जातीचे दिले तर रुजतात. प्रत्येक जातीचा आपला एक कोनाडा आहे आणि तो भरलेला आहे. या जातीला तो कोनाडा धरून ठेवायला मदत करणारी जनुकंसुद्धा सापडली, २०१३ मध्ये.

हीच गोष्ट रोगजंतूंनाही बाहेर ठेवते. १९५० च्या दशकात बोनहॉफ आणि मिलर यांनी उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं आणि मग साल्मोनेला पाजला. आधी उंदराला संसर्ग व्हायला साधारण १ लाख जंतू लागायचे, औषधानंतर दहापेक्षाही कमी पुरायला लागले. तुमचे आतले रहिवासी नुसतं बसूनसुद्धा केवढं काम करतात ते यावरून कळतं.

कॅप्सूलचं म्हणाल तर २०१८ मध्ये इस्राएलमधल्या एका गटाने लोकांच्या आतड्यात दुर्बीण घालून प्रत्यक्ष नमुने घेतले (विष्ठेवरून नीट कळत नाही म्हणून). काही लोकांच्या आतड्यात प्रोबायोटिक रुजले, काहींच्या आतड्याने ते सरळ बाहेर काढले. आणि त्याच कामाच्या दुसऱ्या भागात असं दिसलं की अँटिबायोटिकनंतर ते प्रोबायोटिक मिश्रण घेणाऱ्यांच्या मूळच्या बॅक्टेरियांना परतायला उलट जास्त वेळ लागला. तो एक अभ्यास होता, एक ठरावीक मिश्रण होतं आणि ती मोठी माणसं होती, त्यामुळे सगळ्या कॅप्सूल वाईट असा अर्थ काढू नका, काही आजारांत काही ठरावीक वाणांचा उपयोग होतो. पण 'काहीही गिळा, फायदाच' हे मला पटत नाही, मुलासाठी निर्णय डॉक्टरशी बोलूनच घ्या.

लहान बाळाबद्दल एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. आईच्या दुधात लॅक्टोज आणि चरबीनंतर सगळ्यात जास्त प्रमाणात असलेला घन पदार्थ म्हणजे एका प्रकारच्या गुंतागुंतीच्या साखरा, शंभराहून जास्त रचनांच्या, आणि बाळाला त्या पचवताच येत नाहीत! त्या बऱ्याच अंशी बिफिडोबॅक्टेरियासाठी आहेत, त्यातला इन्फँटिस हा वाण तर या साखरा आत ओढून घ्यायची पूर्ण यंत्रणा बाळगून असतो. स्क्विडच्या त्या कायटिनच्या साखरेसारखंच आहे हे, योग्य पाहुणा ओळखण्यासाठी योग्य पान वाढायचं.

दुधाचेदात

धन्यवाद ताई. पहिल्या ओळीसाठी जास्त.

रात्रपाळी

मी हॉस्पिटलमध्ये आहे, एक छोटी भर. तुटलेलं बोट किंवा कान पुन्हा जोडल्यावर तिथे रक्त साचतं तेव्हा अजूनही औषधी जळवा लावतात, अमेरिकेत २००४ मध्ये त्यांना अधिकृत मान्यता मिळाली. जळूच्या पोटात मुख्यतः दोनच जाती राहतात, त्यातली एक एरोमोनास. रक्तासारखं पौष्टिक खाणं असूनही बाकीचे तिथे का वाढत नाहीत याचं एक कारण म्हणजे गिळलेल्या रक्तातली जंतू मारणारी प्रथिनं जळूच्या पोटातही काही काळ काम करत राहतात, एरोमोनास त्यांना दाद देत नाही. पण तोच एरोमोनास पेशंटच्या जखमेत गेला तर संसर्ग होतो म्हणून जळू लावताना सोबत अँटिबायोटिक देतात. जळूचा मित्र, पेशंटचा शत्रू, बॅक्टेरिया तोच. म्हणून 'चांगले बॅक्टेरिया' असं सरसकट म्हणताना मी तरी थबकते. कुठे आहे ते आधी विचारायचं.

गणकयंत्र

खारंपाणी, माणसाच्या अंगात पेशींच्या दहापट बॅक्टेरिया असतात हे सगळीकडे वाचतो, ते खरं ना?

खारंपाणी

नाही, तो आकडा जुन्या ढोबळ अंदाजावरून चालत आलाय. २०१६ मध्ये सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी नीट हिशेब मांडला, साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया आणि ३० लाख कोटी आपल्या पेशी. म्हणजे जवळपास एकास एक.

रात्रपाळी, तुमचं वाक्य मी कायम लक्षात ठेवणार आहे.

सरळरेषा

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. मातीचंघर यांचं उदाहरण बघा, बोळ बंद झाला म्हणजे तेही आत अडकलेच की. स्क्विड निदान रोज बाहेर सोडतं. बाकीच्यांत आत गेलेला बॅक्टेरिया परत येतच नसेल तर त्याच्या बाजूने हा व्यवहार तोट्याचाच.

खारंपाणी

सरळरेषा, माव्याच्या बाबतीत मी तुमच्याशी जवळपास सहमत आहे, बुकनेराकडे बघून मलाही वाईट वाटतं, आता तो माव्याचा अवयवच झालाय. पण 'परत येतच नाही' यावर एक गोष्ट सांगते.

१९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ खोल समुद्रात गरम पाण्याचे झरे सापडले आणि तिथे माणसापेक्षा उंच होणारे नळीतले कृमी दिसले, रिफ्टिया पॅकिप्टिला. मोठ्या कृमीला तोंड नाही, आतडं नाही. मग जगतो कसा? १९८१ मध्ये कॉलीन कॅव्हनॉ यांनी दाखवलं की त्याच्या अंगात बॅक्टेरिया खच्चून भरलेत, ते झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडवर ऊर्जा मिळवतात आणि कृमीला पोसतात. बरीच वर्षं समज असा होता की लहानपणी तोंड असतं तेव्हा तो ते गिळत असेल. २००६ मध्ये कळलं की नाही, ते पिल्लाच्या कातडीतून आत शिरतात, एखाद्या संसर्गासारखे, आणि एकदा वस्ती झाली की कातडीच्या त्या पेशी मरायला लागतात, संसर्ग थांबतो. (स्क्विडची केसाळ बोटं आठवा.)

म्हणजे इथेही दार बंद, कृमी जिवंत आहे तोवर बाहेर यायची सोय दिसत नाही. पण झरे कायमचे नसतात, आटतात, कृमी मरतात. २०१५ मध्ये संशोधकांनी मेलेल्या कृमींचे तुकडे घेऊन बघितलं तर त्यातून बॅक्टेरिया जिवंत बाहेर पडत होते, पुन्हा मोकळे वाढू शकत होते. पिल्लात शिरताना मोजके होते, आत प्रचंड संख्येने वाढले, आणि कृमी संपला की तेवढे सगळे पाण्यात. म्हणजे पुढच्या झऱ्याजवळ जे पिल्लू तळाला टेकेल त्याच्या कातडीला लागणारा बॅक्टेरिया कदाचित अशाच एखाद्या मेलेल्या कृमीतून सुटलेला असेल.

सरळरेषा

हे माहीत नव्हतं. निदान रिफ्टियापुरता आक्षेप मागे. माव्याचं मात्र अजून खटकतंच.

अळीमिळी

माझ्या कृमीतही बॅक्टेरिया दर फेरीला बाहेर येतातच की, अळीच्या आत का होईना. मावा खरंच वेगळा आहे, त्यावर स्वतंत्र धागा काढा सरळरेषा, मी येतो तिथे.